पाच जणांच्या बँडचा मराठवाडा दौरा: तारखा घेण्यापासून हिशेब मिटेपर्यंत

नव्या बँडचा पहिला दौरा बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे फसतो. कामं सगळी केलेली असतात, पण उलटी. तारखा आधी देऊन टाकल्या, मग मार्ग जुळवत बसले. रक्कम ठरली, बयाणा मागायचा राहिला. कीबोर्डची पिन बोर्डात घातली आणि मग व्होल्टेज किती येतंय ते विचारलं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखादा अडला तर तो सोडून पुढे जाऊ नका.

गृहीत धरलेला बँड असा: गायिका, हार्मोनियम किंवा कीबोर्ड, गिटार, बेस, ढोलकी-तबला. स्वतःचा लहान साउंड. सात-आठ दिवसांत पाच कार्यक्रम. मग ते कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, गणेश मंडळ असो, गावची जत्रा असो की तालुक्याचं सभागृह.

१. आधी मार्ग, मग तारखा

नकाशावर एक गोल काढा. संभाजीनगर–जालना ६० किलोमीटर, जालना–परभणी सव्वाशेच्या आसपास, परभणी–नांदेड ७५, नांदेड–लातूर दीडशेच्या आत, लातूर–धाराशिव ७५ ते ८०, धाराशिव–बीड सव्वाशेच्या आत, बीड–संभाजीनगर १३०. एकूण सव्वासातशेच्या घरात. हिंगोली घ्यायची तर परभणी आणि नांदेडच्या मध्ये घ्या. ८० ते १०० किलोमीटर वाढतात.

सगळ्यात जास्त मानधन देणारा किंवा सगळ्यात पक्का कार्यक्रम आधी ठरवा. बाकीच्या तारखा त्याच्या मागे-पुढे, गोलाच्या एकाच दिशेने मागा. सोमवारी नांदेड, मंगळवारी बीड, बुधवारी परत परभणी अशा तारखा घेतल्या तर दोन दिवसांत तीनशेच्या वर किलोमीटर होतात आणि साउंडचेक एकाही ठिकाणी धड होत नाही. दोन कार्यक्रमांत १५० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नको. सलग तीन कार्यक्रमांनंतर एक दिवस रिकामा ठेवा. तो दिवस गायिकेच्या गळ्यासाठी आणि सुटलेल्या वायरी डाग देऊन जोडण्यासाठी लागतोच.

मग हंगाम पाहा. जून-जुलैत पेरण्या असतात, गावात कार्यक्रम धरू नका. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या काळात तिथल्या गावात तिकीट लावून कार्यक्रम ठेवला तर समोर म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी दिसतील. तिथल्या जत्रा चैत्रात घ्या. कॉलेजांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी.

सावध: नवरात्र ते कोजागिरी तुळजापूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात. मार्गशीर्षाच्या शेवटी लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेमुळे नांदेड–लातूर रस्त्यावर वेळ जातो आणि आसपास लॉज मिळत नाही. पंचांग उघडल्याशिवाय तारखेला हो म्हणू नका.

२. सुपारी घेताना लिहून घ्यायचं

फोनवरचं बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मुद्देसूद मजकूर पाठवा आणि समोरच्याकडून "मान्य आहे" एवढं लिहून घ्या. ओळखीचा माणूस असला तरी घ्या. त्यात एवढं हवंच:

– तारीख, ठिकाण, स्टेजवर जाण्याची आणि उतरण्याची वेळ.
– एकूण रक्कम. निम्मा बयाणा तारीख पक्की करताना, उरलेले पैसे स्टेजवर चढण्याआधी.
– संस्था किंवा कॉलेज असेल तर टीडीएस किती कापणार. पॅन कोणाच्या नावाचा द्यायचा ते बँडमध्ये आधीच ठरवा.
– स्टेजची लांबी-रुंदी. पाच जणांना २० बाय १६ फूट पुरतं, १६ बाय १२ च्या खाली जमत नाही.
– स्टेजचं तोंड कोणत्या दिशेला. पश्चिमेला असेल तर पाच वाजता वादकांच्या डोळ्यांत ऊन येतं आणि मिक्सरचा पडदा दिसत नाही.
– वीज कुठून, जनरेटर किती केव्हीएचा, तो कोण चालवणार.
– पोलीस ठाण्याची लाउडस्पीकरची परवानगी आयोजकाने काढायची आणि तिचा फोटो कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पाठवायचा.
– दुसऱ्यांची गाणी म्हणणार असाल तर सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना कोण घेणार.
– स्टेजजवळ आतून कडी लागणारी एक खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह.

शेवटचा मुद्दा लाजून वगळू नका. गायिकेला सहा-सात तास स्वच्छतागृहच मिळालं नाही तर ती पाणी पिणं टाळते आणि आठ वाजता गळा कोरडा पडतो. मंडळाची पोरं चांगली असतात, पण हे त्यांच्या डोक्यात येत नाही. सांगितलं की करतात.

तपासा: बयाणा खात्यात आला का? नसेल तर ती तारीख मोकळी समजा आणि तसं आयोजकाला स्पष्ट कळवा.

३. गाडी आणि माल

पाच जण आणि ड्रायव्हर मिळून चारशे किलो धरा. चार स्पीकर, स्टँड, वाद्यं, वायरींच्या पेट्या आणि बॅगा मिळून अडीचशे. साडेसहाशे किलो सात सीटच्या गाडीत कोंबले की ब्रेक उशिरा लागतो आणि टायर तापतात. मागची रांग मोकळी ठेवून बारा-तेरा सीटची ट्रॅव्हलर घ्या. भाड्याची गाडी पिवळ्या नंबर प्लेटचीच हवी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

डिझेलचा हिशेब: ७२५ किलोमीटर, त्यावर गावातल्या फेऱ्यांचे १५ टक्के, म्हणजे ८३५. गाडी लिटरला १० देत असेल तर ८४ लिटर. त्या दिवसाच्या भावाने गुणा आणि फास्टॅगमध्ये टोलचे पैसे निघण्याआधी भरा.

वायरी आणि सुटं सामान असं घ्या: माइक ६ आणि १ जादा, एक्सएलआर वायर (माइकच्या तीन पिनांच्या) ६ मीटरच्या ८ आणि १० मीटरच्या ४, गिटारच्या वायर ४ आणि २ जादा, डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवणारी डबी) ३, गिटारच्या तारांचे २ संच, बेसचा १, तबल्याची शाई लावलेली जादा पुडी १, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या ४, मल्टिमीटर, टेस्टर, चिकटपट्टी, सोल्डरिंग आयर्न, ताडपत्री २. विजेसाठी ३० मीटर, तीन कोअरची, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. १ स्क्वेअर एमएमची स्वस्त मिळते, पण तेवढ्याच लांबीत १० अँपिअरला ती ११ व्होल्ट खाते, २.५ ची साडेचारच्या आसपास खाते. गावात आधीच व्होल्टेज कमी असतं, तिथे हा फरक जाणवतो.

प्रत्येक पेटीवर नंबर रंगवा आणि झाकणाच्या आत यादी चिकटवा. जे स्टेजवर आधी लागतं (वीज, मग स्टँड, मग स्पीकर) ते शेवटी भरा, म्हणजे आधी निघेल. मोजणारा माणूस पूर्ण दौऱ्यात एकच. दोघे मोजायला लागले की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने मोजलं.

४. वाद्यं उन्हातून नेताना

एप्रिल-मेमध्ये नांदेड-परभणीकडे पारा ४२ च्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून बराच जास्त. गिटारचा ब्रिज डिंकावर चिकटवलेला असतो. डिंक मऊ पडला की तारांच्या ताणाने ब्रिज उचलला जातो. प्रवासात तारा अर्धा-पाऊण सूर उतरवून ठेवा. जेवायला थांबलात तरी गिटार, तबला आणि हार्मोनियम गाडीत ठेवू नका, खानावळीत सोबत घ्या. कॅरिअरवर फक्त स्टँड आणि रिकाम्या बॅगा.

कोरड्या उन्हात चामडं ताणतं आणि ढोलकी चढते; पाऊस किंवा रात्रीचं दव पडलं की उतरते. परभणीची डिसेंबरमधली थंडी कडक असते: सहा वाजता लावलेली ढोलकी साडेनऊला उतरलेली सापडते. नटबोल्टची असेल तर पाना खिशात ठेवा आणि दर तिसऱ्या गाण्यानंतर सूर पाहा. चामड्याची हलगी घेत असाल तर ती शेकायला जागा आणि माणूस आधीच ठरवा. मंडपाच्या कापडापासून लांब, आणि शेजारी पाण्याची बादली.

५. पोहोचल्यावर: जमीन, स्टेज, वीज

कार्यक्रमाच्या चार तास आधी पोहोचा. माल उतरवण्याआधी दोघांनी पुढे जाऊन जागा पाहायची.

काळी माती. पावसाळ्यात आणि अवकाळीनंतर गाडी मुरमावर किंवा डांबरावरच उभी करा, काळ्या रानात घालू नका. स्टेजचे पाय काळ्या मातीत असतील तर प्रत्येक पायाखाली फळी हवी. नसेल तर मंडपवाल्याकडून घालून घ्या. पाच जण चढले की एक कोपरा हळूहळू खचतो आणि स्पीकरचा स्टँड त्याच बाजूला कलतो. सगळ्यांनी स्टेजवर उभं राहून हलून बघा.

वीज. सगळ्यात जास्त सामान इथे जळतं, म्हणून घाई करू नका. आयोजक "लाइट आहे की, लावा बिनधास्त" म्हणेल, तरी खालचं सगळं झाल्याशिवाय एकही पिन लावायची नाही.

क) वायर कुठून आली ते शेवटपर्यंत चालत जाऊन पाहा. मीटरवरून आली असेल तर ठीक. आकडा टाकलेला असेल तर तिथे लावायचं नाही. तो गुन्हा आहे, आणि वाऱ्याने आकडा हलला की व्होल्टेज नाचतं. जनरेटर मागा. डीपीला कोणीही हात लावायचा नाही. ते महावितरणच्या लाइनमनचं काम.

ख) मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून तीन आकडे घ्या. फेज–न्यूट्रल: २१० ते २४५ चालेल. फेज–अर्थ: जवळपास तेवढंच यायला हवं, फारच कमी आलं तर अर्थिंग नाही. न्यूट्रल–अर्थ: ३ च्या आत, १० च्या वर गेलं तर कुठेतरी जोड सैल आहे.

ग) आता मंडपातला एक हॅलोजन त्याच बोर्डावर लावून पुन्हा मोजा. १० व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. वायरमनला बोलावून जोड नव्याने करून घ्या.

घ) बँडचं सगळं सामान (मिक्सर, स्पीकर, वादकांकडे तोंड केलेले मॉनिटर स्पीकर, कीबोर्ड, गिटारचा अँप) एकाच फेजवर आणि एकाच अर्थवर घ्या. दोन फेजवर वाटलं तर दोन उपकरणांमध्ये ४०० व्होल्टचा फरक असू शकतो. दिवे दुसऱ्या फेजवर टाकायला मंडपवाल्याला सांगा. आपल्या बोर्डाच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) कायमचा बसवून घ्या.

ङ) सगळं जोडल्यावर मल्टिमीटरची एक पिन माइकच्या जाळीला, दुसरी गिटारच्या तारांना लावा. १० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर थांबा. गिटारवाला तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावतो तेव्हा तो झटका त्याच्या अंगातून जातो.

सावध: हमिंग येतं म्हणून पिनेचा अर्थचा दांडा काढून टाकणारे सगळीकडे भेटतात. तो काढला की हमिंग जातं आणि झटक्यापासूनचं संरक्षणही जातं. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, वायरी एकमेकांपासून दूर करा, पण दांडा तसाच ठेवा.

संध्याकाळी सहाला २२५ दाखवणारी लाइन आठला सगळे दिवे लागल्यावर १८० वर येऊ शकते. म्हणून मल्टिमीटर मिक्सरजवळ लावूनच ठेवा. थ्री फेजच्या मंडपात न्यूट्रल सुटला तर उलट एका फेजवर ३०० च्या वरही जातं. आकडा २५० ओलांडताना दिसला की विचार न करता मेन बंद करा. १४० ते २८० रेंजचा तीन केव्हीएचा स्टॅबिलायझर जड असतो, तरी गावोगावच्या दौऱ्यात न्या.

जनरेटर असेल तर तो आधी दहा मिनिटं रिकामा चालू द्या, व्होल्टेज आणि ५० हर्ट्झच्या आसपासची फ्रिक्वेन्सी पाहा, मगच भार द्या. बॉडीला अर्थिंगची सळई ठोकलेली हवी. उन्हाळ्यात मुरूम कोरडा असतो, तिच्याभोवती बादलीभर पाणी ओता. मध्येच लाइट गेली तर पहिलं काम स्पीकरची बटणं बंद करण्याचं. जनरेटर लागला, आकडा पाहिला, मग एकेक स्पीकर चालू. डिजिटल मिक्सरला ६०० व्हीएचा यूपीएस लावा, नाहीतर प्रत्येक वेळी तो पुन्हा सुरू होईपर्यंत लोक वाट बघत बसतात.

६. साउंडचेक

दीड तास हवा. क्रम असा: आधी मोबाइलवरून एक गाणं लावून दोन्ही स्पीकर सारखे आहेत का ते ऐका. मग गायिकेचा माइक उघडून, मॉनिटर हळूहळू वाढवत शिट्टी (फीडबॅक) कुठे येते ते शोधा आणि इक्वलायझरवरची ती पट्टी कमी करा. मग ढोलकी, बेस, हार्मोनियम, गिटार, आणि शेवटी आवाज. वाद्यं आधी लावून आवाज शेवटी घेतला की शिट्टीची मर्यादा उशिरा कळते आणि सगळं परत उतरवावं लागतं, म्हणून शिट्टीचं काम सुरुवातीलाच.

ढोलकीला दोन माइक लावले की मंडपात घुमा (डाव्या तोंडाचा खर्ज आवाज) फार पसरतो. शाईकडे एक जवळचा माइक बहुतेक ठिकाणी पुरतो. पत्र्याच्या शेडमध्ये बेस निम्मा करा. रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज लोक आल्यावर कमी घुमतो, त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर सूर-आवाज फार घासत बसू नका.

तपासा: शेवटचं एक गाणं पूर्ण वाजवा. सगळ्यांना गायिका ऐकू येते का ते हात वर करून सांगायचं.

७. वेळ

पत्रिकेवर सात असतं, गाव जेवून साडेआठला येतं, आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. ठरावीक सणांना राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं, पण वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. तुमचा दिवस त्यात आहे का, हे पोलीस ठाण्याच्या परवानगीवर पाहा, आयोजकाच्या तोंडी शब्दावर नको.

म्हणून गाण्यांची यादी ७५ मिनिटांची करा आणि त्यातली २५ मिनिटांची गाणी खुणा करून ठेवा, जी काढली तरी कार्यक्रम उभा राहतो. सत्कार आणि भाषणं लांबली की भांडू नका, खुणा केलेली गाणी काढा. शेवटचं गाणं ९ वाजून ५० मिनिटांना सुरू झालं पाहिजे.

८. जेवण, पाणी, रात्र

कार्यक्रमाआधी तीन तास पोटभर जेवा. भाकरी, वरण, भाजी. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ठेचा कार्यक्रमानंतर. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला किंवा पोहे पुरतात, फक्त प्रवासाच्या दिवशी तेलकट टाळा. २० लिटरचा पाण्याचा जार गाडीत कायम. उन्हाळ्यात लॉज ठरवताना खोलीचं भाडं विचारण्याआधी नळाला पाणी आहे की टँकरवर चालतंय ते विचारा. नांदेडला गुरुद्वारात लंगर सगळ्यांना खुला आहे; डोकं झाकून जा, तंबाखू-गुटखा खिशातही नको.

कार्यक्रम संपल्यावर निघू नका, तिथेच झोपा. गाळप हंगामात रात्री ऊस भरलेले, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. अनेकांना मागे दिवा नसतो आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते. कापसाने फुगलेल्या गाड्याही तशाच. सकाळी सातला निघालात तरी पुढचं गाव चार तासांत येतं.

माल गुंडाळताना आधी वीज बंद, मग वायरी. वायर कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळून तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा. पेट्या मोजून झाल्यावर एकाने मोबाइलचा टॉर्च घेऊन स्टेजखाली फिरायचं. अडॅप्टर आणि माइकचे क्लिप तिथेच राहतात.

९. हिशेब

रोज रात्री झोपण्याआधी, पाचही जणांसमोर, एका वहीत. आलेले पैसे डाव्या पानावर, गेलेले उजव्या, पावत्यांचे फोटो ग्रुपवर. दौरा संपल्यावर एकदम लिहायला बसलात तर चहा-नाष्ट्याचे आणि टोलचे पैसे कोणालाच आठवत नाहीत, आणि पहिला कडवटपणा तिथून येतो.

वाटणी निघण्याआधी ठरवा. समजा पाच कार्यक्रमांचे ७५,००० आले आणि डिझेल, ड्रायव्हर, लॉज, जेवण, टोल मिळून ३३,००० गेले. उरले ४२,०००. त्याचे सहा वाटे करा, एक वाटा ७,००० चा. पाच सभासदांचे, सहावा बँडचा. बँडच्या वाट्यातून फक्त दुरुस्ती, जादा वायरी आणि पुढच्या दौऱ्याचं डिझेल. गाडी एखाद्या सभासदाची असेल तर तिची झीज किलोमीटरवर लावून खर्चात धरा, वाट्यात मिसळू नका.

परतल्यावर दोन दिवसांच्या आत सगळ्या पेट्या उघडा. खरखरणाऱ्या वायरीला तिथल्या तिथे लाल पट्टी लावलेली असेल तर आता शोधावं लागणार नाही. सोल्डर करून, मल्टिमीटरने दोन्ही टोकं तपासून, पट्टी काढूनच ती परत पेटीत ठेवा.